रोव्हर्स चषकाचा उदयास्त

१८९१ सालीं वाशीम हा वऱ्हाडांतील एक स्वतंत्र जिल्हा होता. इंग्रजी दप्तरांत त्याचें नांव ‘बासिम’ असें लिहिलें जाई, आणि उमरावती, अकोला, एलिचपूर, बुलढाणा व वणी यांच्या पंक्तीला तो सहावा म्हणून बसे. त्याच वर्षीं तिकडे मुंबईंत फुटबॉलच्या शौकीन इंग्रजांनीं एक चषक लावून सामन्यांची स्पर्धा सुरू केली. वाशीमचा जिल्हा आणि मुंबईचा चषक यांचा परस्परांशीं कांहींएक संबंध नव्हता. पण दोहोंचें पुढील आयुष्य शेजारीं ठेवून पाहण्यासारखें आहे. वाशीम जिल्हा १९०५ सालीं मोडला, त्याचे तालुके शेजारच्या जिल्ह्यांना जोडले गेले, आणि नव्वदांहून अधिक वर्षें लोटल्यावर १ जुलै १९९८ रोजीं तो पुन्हां स्वतंत्र जिल्हा म्हणून नकाशावर आला. चषकाचें नेमकें उलट झालें. दोन महायुद्धें, एक राज्यांतर आणि एक फाळणी इतकें सारें पाहून तो टिकला. आणि वाशीमला आपलें पद परत मिळालें त्यानंतर तीनएक वर्षांतच तो दिसेनासा झाला. २०००-०१ च्या हंगामानंतर रोव्हर्स चषकाचे सामने झाले नाहींत.

जिल्हा मोडावयाचा तर सरकारी हुकूम लागतो, व तो पुन्हां उभा करावयाचा तरी हुकूमच लागतो. चषकाला कसलाच हुकूम लागला नाहीं. त्याला कोणीं बंदी केली नाहीं, त्याच्याविरुद्ध ठराव झाले नाहींत, त्याच्यासाठीं खेळाडू मिळेनासे झाले होते असेंही नाहीं. तो एका वर्षीं भरला नाहीं, दुसऱ्या वर्षीं भरला नाहीं, आणि तिसऱ्या वर्षीं तो भरत असे याचीच आठवण मागें पडूं लागली. परकीयांनीं स्वतःच्या करमणुकीसाठीं लावलेलें हें झाड एतद्देशीयांनीं मोठ्या जिद्दीनें आपलेंसें केलें. आणि तें पुरतें आपलें झाल्यावर त्याला पाणी घालण्याची पाळी कोणाची, हा प्रश्न मात्र अनुत्तरित राहिला. रोव्हर्स चषकाची कहाणी म्हणजे या प्रश्नाचीच कहाणी होय.

हिंदुस्थानांत फुटबॉल आला तो गोऱ्या सोजिरांच्या पायांनीं. इंग्लंडांत फुटबॉलची पहिली मोठी चषकस्पर्धा १८७१ सालीं निघाली. तिचें लोण वीस वर्षांच्या आंत येथवर पोंचलें. हिंदुस्थान सरकारचे परराष्ट्रसचिव सर मॉर्टिमर ड्यूरँड यांनीं १८८८ सालीं सिमल्यास आपल्या नांवाचा चषक ठेवला. १८९१ सालीं मुंबईंत रोव्हर्स चषक सुरू झाला. आणि १८९३ सालीं कलकत्त्यास इंडियन फुटबॉल असोसिएशनची ढाल आली. एक डोंगरावरची, एक पश्चिम किनाऱ्यावरची व एक गंगेकांठची, अशा या तीन वडील स्पर्धा. सबंध आशियाखंडांत यांच्या बरोबरीच्या वयाच्या फुटबॉलस्पर्धा शोधूं गेल्यास हाताचीं बोटेंही पुरून उरतील.

मुंबईच्या चषकावर पहिल्या वर्षीं नांव कोरलें तें वूस्टर रेजिमेंटच्या पहिल्या बटालियननें. त्यानंतर कित्येक वर्षें विजेत्यांच्या यादींत पलटणींखेरीज दुसरें नांव दिसत नाहीं, आणि त्यांत नवल कांहीं नाहीं. स्पर्धा पलटणींसाठींच होती. परदेशच्या छावणींत पडून राहिलेल्या तरुण सोजिरांना शिस्तींत गुंतवून ठेवण्याचें फुटबॉलसारखें दुसरें स्वस्त साधन नव्हतें. बावीस माणसें, एक चेंडू आणि चार खांब एवढ्यांत दोन पलटणींची अब्रू पणाला लागे, आणि दारूच्या गुत्त्यांत जाणारी संध्याकाळ मैदानावर जाई.

परंतु या व्यवस्थेंत एक गोष्ट पहिल्यापासून होती, व ती पुढील सर्व इतिहासाला पुरून उरली. पलटण ही कोठल्याही गांवाची नसते. आज ती कुलाब्याच्या बराकींत आहे, पुढच्या वर्षीं ती ब्रह्मदेशांत असेल, आणि त्याच्या पुढच्या वर्षीं जहाजांत बसून विलायतेस परत गेली असेल. यंदाचा जेता पुढच्या वर्षीं आपला मान राखण्यास हजर राहील याचा भरंवसा नाहीं. चषक मुंबईचा, मैदान मुंबईचें, प्रेक्षक मुंबईचे. पण मान नेणारा पाहुणा. ही रीत इंग्रज गेल्यावर बदलेल असें कोणासही वाटलें असतें. ती बदलली नाहीं, हें पुढें दिसेल.

विसाव्या शतकाच्या आरंभीं मुंबईच्या फुटबॉलला घरचें रूप येऊं लागलें. १९०२ सालीं हार्वूड लीग ही स्थानिक साखळीस्पर्धा सुरू झाली. १९११ सालीं रोव्हर्स चषकाची समिति व मुंबईची फुटबॉल संघटना यांचें एकीकरण होऊन वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली, आणि पुढें चषकाची व्यवस्था तिच्याकडे राहिली. योगायोग असा कीं, याच १९११ सालीं कलकत्त्यास एक विलक्षण घटना घडली. मोहन बागान या बंगाली संघानें ढालीच्या अंतिम सामन्यांत ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचा दोन विरुद्ध एक गोलांनीं पराभव केला. अकरांपैकीं दहा गडी अनवाणी खेळत होते. शिवदास भादुरी आणि अभिलाष घोष यांनीं चढविलेल्या त्या दोन गोलांचा प्रतिध्वनि साऱ्या देशभर उठला. कारण बुटांच्या पायाला अनवाणी पाय हरवूं शकतो हें प्रथमच हजारों डोळ्यांनीं उघड्या मैदानावर पाहिलें होतें.

मुंबईस तो दिवस उजाडण्यास आणखी पुष्कळ वेळ लागला. १९२३ सालीं मोहन बागान संघ रोव्हर्स चषकासाठीं मुंबईस आला आणि एकामागून एक सामने जिंकीत अंतिम सामन्यापर्यंत पोंचला. त्या चषकाच्या अंतिम सामन्यांत पाऊल ठेवणारा हा पहिला हिंदी संघ. संघाचें नेतृत्व त्या काळांत गोष्ठ पाल या पोलादी बचावपटूकडे होतें. पण समोर डरहॅम लाइट इन्फन्ट्री होती, आणि मोहन बागानला चार विरुद्ध एक गोलांनीं हार पत्करावी लागली. बारा वर्षांपूर्वीं कलकत्त्यानें जें पाहिलें तें मुंबईला पाहावयास मिळालें नाहीं. तथापि त्या दिवसापासून चषकाचा अर्थ पालटला. तोंवर तो सोजिरांचा घरगुती मामला होता. आतां तो एक किल्ला झाला, आणि किल्ला म्हटला कीं तो घेण्याची ईर्षा ओघानेंच आली.

तो किल्ला सर झाला १९३७ सालीं. पण तो कलकत्त्याच्या संघानें घेतला नाहीं, कीं मुंबईच्याही नाहीं. तो घेतला बंगलोर मुस्लिम्स या दक्षिणेकडील संघानें. बंगलोर हें मोठें लष्करी ठाणें. गोऱ्या पलटणींचे सामने पाहतां पाहतां तेथील पोरें खेळूं लागलीं आणि खेळतां खेळतां गुरूच्या वरचढ झालीं. त्या वर्षींच्या अंतिम सामन्याचें आणखी एक वैशिष्ट्य असें कीं, हरणारा संघही हिंदीच होता. कलकत्त्याच्या लीगमध्यें १९३४ पासून सतत विजयी होणारा मोहमेडन स्पोर्टिंग हा बलाढ्य संघ त्यांच्यासमोर उभा होता, आणि बंगलोरनें त्याला एका गोलानें नमविलें. छेचाळीस वर्षें ज्या सामन्यांत पलटणींचे बिगूल वाजले, त्यांत एकही पलटण नव्हती. त्याच १९३७ सालीं सिमल्यास अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचीही स्थापना झाली. खेळाचा कारभार आणि खेळाचा मान हीं दोन्हीं एकाच वर्षीं देशी हातांत आलीं असें म्हणण्यास हरकत नाहीं.

पहिला विजय हा नशिबाचा खेळ असेल, अशी शंका घेणाऱ्यांना पुढच्याच वर्षीं उत्तर मिळालें. १९३८ च्या अंतिम सामन्यांत बंगलोर मुस्लिम्ससमोर आर्गाइल अँड सदरलंड हायलँडर्स ही नामांकित स्कॉटिश पलटण होती. बंगलोरनें तिलाही हरविलें. १९४० सालीं मोहमेडन स्पोर्टिंगनें तीन वर्षांपूर्वींच्या पराभवाची भरपाई करून चषक कलकत्त्यास नेला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत दिल्लीस ड्यूरँड चषकही जिंकला. तो चषक जिंकणारा तो पहिला हिंदी संघ ठरला. १९४२ सालीं रोव्हर्स चषक बाटा या चर्मोद्योगी कंपनीच्या संघाकडे गेला. हिंदी खेळाडू अनवाणी खेळतात म्हणून जगभर ज्या देशाचें नांव झालें होतें, त्या देशांतला एक मोठा चषक जोडे बनविणाऱ्या कंपनीनें न्यावा, हा विनोद दैवाला सुचला.

अनवाणी खेळाची ती परंपरा कांहीं काळ अभिमानाची होती. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्यें हिंदी संघांतील बहुतेक खेळाडू बुटांवांचून खेळले आणि फ्रान्सकडून दोन विरुद्ध एक असे थोडक्यांत हरले. १९५२ सालीं हेलसिंकी येथें थंडीनें गारठलेल्या मैदानावर युगोस्लाव्हियानें दहा विरुद्ध एक गोलांनीं धुव्वा उडविला, तेव्हां मात्र त्या अभिमानाची किंमत कळली आणि त्यानंतर येथील स्पर्धांतही बूट आवश्यक झाले.

नागपूरचें रेडिओकेंद्र सुरू झालें तें १९४८ सालीं. त्याच सालीं बंगलोर मुस्लिम्सनें मोहन बागानला हरवून रोव्हर्स चषक पुन्हां जिंकला. स्वतंत्र हिंदुस्थानांतील चषकाच्या जीवनाचा हा आरंभ. पुढच्या वर्षीं, १९४९ सालीं, कलकत्त्याचा ईस्ट बेंगाल संघ आला. त्याच्या आघाडीला अप्पाराव, व्यंकटेश, धनराज, अहमद खान आणि सालेह असे पांच गडी होते, आणि बंगाली प्रेक्षकांनीं त्यांना ‘पंचपांडव’ असें नांव दिलें होतें. गंमत अशी कीं, हे पांडव बहुतेक दक्षिणेंतले. एकही अस्सल बंगाली नव्हे. ईस्ट बेंगालनें त्या एका वर्षांत कलकत्त्याची लीग, ढाल आणि रोव्हर्स चषक अशीं तिन्हीं विजेतेपदें मिळविलीं.

यानंतर चषकाच्या इतिहासांतील सर्वांत तेजस्वी पर्व आलें. वाशीमच्या दक्षिणेला पैनगंगा ओलांडली कीं जुन्या काळीं निजामाची हद्द सुरू होत असे. हिंगोलीला हैदराबाद कॉन्टिन्जंटची छावणी असे. त्या हैदराबाद संस्थानाचें हिंदुस्थानांत सामीलीकरण सप्टेंबर १९४८ मध्यें झालें. त्यानंतर दोन वर्षांनीं, १९५० सालीं, हैदराबाद सिटी पोलीस या संघानें रोव्हर्स चषक जिंकला. १९५१ सालीं जिंकला, १९५२ सालीं जिंकला, १९५३ सालीं जिंकला आणि १९५४ सालींही जिंकला. लागोपाठ पांच वर्षें! पुढें १९५७ सालीं त्यानें तो पुनः नेला. आणि भाषावार प्रांतरचना होऊन ‘आंध्र पोलीस’ असें नांव धारण केल्यावर १९६० व १९६३ सालीं, तसेंच १९६२ सालीं ईस्ट बेंगालबरोबर संयुक्तपणें, असे एकूण नऊ मान या एका पोलीसदलाच्या नांवावर जमा झाले.

या यशामागें एका शाळामास्तरांची बुद्धि होती. सय्यद अब्दुल रहीम हे मूळचे शिक्षक. खेळाडूंना पळविण्यापेक्षां विचार करावयास लावणें हें त्यांच्या शिकवणुकीचें मर्म होतें. चेंडू घेऊन एकट्यानें शर्यत मारण्याचा जुना डौल त्यांनीं मोडला. आखूड, जमिनीलगत, एका स्पर्शांत दिलेला चेंडू आणि मोकळ्या जागेचा शोध हीं त्यांनीं मुलांच्या अंगीं बाणविलीं. मुंबईच्या मैदानावर पांच वर्षें जें यशस्वी ठरलें तेंच त्यांनीं देशाच्या संघाला शिकविलें. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्यें हिंदी संघ चौथा आला. १९६२ सालीं जकार्ता येथें आशियाई स्पर्धेंत दक्षिण कोरियाला दोन विरुद्ध एक गोलांनीं हरवून त्यानें सुवर्णपदक जिंकलें. पुढच्याच वर्षीं रहीमसाहेब निवर्तले. रोव्हर्स चषक ही केवळ करमणूक नव्हती. राष्ट्राच्या संघाची ती तालीम होती, हें या एका माणसाच्या चरित्रावरून ध्यानांत येतें.

आतां ज्या मैदानावर हें सारें घडलें त्याकडे वळावें. मुंबईंत ओव्हलच्या दक्षिणेस कूपरेज म्हणून एक मैदान आहे. ‘कूपर’ म्हणजे लांकडी पिंपें बांधणारा कारागीर. आरमाराला लागणाऱ्या पिंपांचें काम एके काळीं या जागेंत चाले, म्हणून तिला हें नांव पडलें. पिंपें गेलीं आणि नांव राहिलें. मुंबईचा फुटबॉल म्हणजे कूपरेज असें समीकरण होऊन बसलें होतें. क्रिकेटच्या ब्रेबॉर्न मैदानाचा थाट येथें नव्हता. जागा आटोपशीर, प्रेक्षक खेळाडूंच्या अगदीं जवळ; चेंडूला बसलेल्या लाथेचा आवाज शेवटच्या रांगेंतही ऐकूं येई. गिरणीकामगार, गोदीकामगार, गोमंतकीय, केरळीय, बंगाली, हैदराबादी, सारे येथें एका फळीवर बसत. सिनेनट दिलीपकुमार व प्राण यांना तर या खेळाचें वेडच होतें, आणि मोठ्या सामन्यांच्या वेळीं त्यांच्यासारखीं माणसें कूपरेजवर दिसत.

असें असूनही मुंबईच्या स्वतःच्या संघांच्या वाट्याला हा चषक क्वचितच आला. चषक सुरू झाल्यापासून सदुसष्ट वर्षांनीं, १९५८ सालीं, कॅलटेक्स या तेलकंपनीच्या संघानें तो प्रथम मुंबईंत ठेवला. त्या संघांत नेव्हिल डिसूझा हा मूळ गोमंतकीय खेळाडू होता. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्यें यजमान ऑस्ट्रेलियावर एकट्यानें तीन गोल चढविणारा तोच हा वीर. ऑलिंपिक फुटबॉलमध्यें असा पराक्रम करणारा तो पहिला आशियाई. पुढें १९६५ सालीं मफतलाल गिरण्यांच्या संघानें पुन्हां हा मान मुंबईस मिळवून दिला. हीं दोन नांवें बारकाईनें पाहावींत. एक तेलकंपनी आणि एक गिरणी. कलकत्त्याचे संघ म्हणजे क्लब. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या विजयाला घरांतून पेढे वांटले जात आणि ज्यांच्या पराभवानें चुली थंड राहात असे क्लब. मुंबईचे मातबर संघ म्हणजे बहुधा कचेऱ्यांचे व गिरण्यांचे संघ. खेळाडूला नोकरी मिळे, म्हातारपणाची सोय होई, हें खरेंच. पण तेलकंपनीसाठीं डोळ्यांत पाणी आणणारा प्रेक्षक कोठून मिळावा?

म्हणून १९६० नंतरचा चषकाचा इतिहास हा बहुतांशीं कलकत्त्याचाच इतिहास आहे. मोहन बागाननें १९२३ चें शल्य बत्तीस वर्षांनीं, १९५५ सालीं, काढलें आणि मग एकंदर चौदा वेळां हा चषक जिंकला. इतक्या वेळां तो दुसऱ्या कोणासही मिळाला नाहीं. ईस्ट बेंगालनें तो दहा वेळां नेला, कांहीं वेळां दुसऱ्या संघाबरोबर वांटून घेतला. १९७२ सालीं तर हे दोन हाडवैरीच संयुक्त विजेते ठरले. १९६४ सालीं बंगाल-नागपूर रेल्वेचा संघ जिंकला, तेव्हां निदान नांवापुरता विदर्भाचा उल्लेख त्या यादींत आला. गोमंतक १९६१ सालीं मुक्त झाल्यावर तेथील संघ पुढें सरसावले. १९७४ सालीं देंपो संघानें चषक जिंकला, आणि पुढें साळगांवकर संघानेंही तो पटकावला. म्हणजे आधीं पलटणी, मग बंगलोर, मग हैदराबाद, मग कलकत्ता आणि गोवा. पाहुणे बदलत गेले. यजमान मात्र शेवटपर्यंत यजमानच राहिला.

या पाहुण्यांना मुंबईस आणणारी शक्ति कोणती होती? पंढरीच्या वारीला जसे ठरलेले दिवस असतात, तसे त्या काळीं फुटबॉलच्या वर्षाचे दिवस ठरलेले असत. पावसाळ्यांत कलकत्त्याची लीग, तिच्यामागून ढाल, मग मुंबईस रोव्हर्स आणि दिल्लीस ड्यूरँड. संघ आगगाडीच्या तिसऱ्या वर्गांतून बोचकीं घेऊन निघत, धर्मशाळेंत वा वसतिगृहांत उतरत, दोनतीन आठवडे एका शहरांत मुक्काम करीत. देशांतील सर्वांत बलवान संघ कोणता, हें ठरविण्याचा दुसरा मार्गच नव्हता. हे चषक जिंकणें हीच त्याची कसोटी. म्हणून प्रत्येक चषकाला मोल होतें, आणि त्या मोलासाठीं हजार मैलांचा प्रवास करावयास खेळाडू तयार होते.

१९९६ सालीं राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली. तिचा हेतु स्तुत्य होता. प्रत्येक संघानें दुसऱ्या प्रत्येक संघाशीं, एकदां आपल्या घरीं व एकदां त्याच्या घरीं, खेळावें आणि वर्षाअखेर गुणांवरून श्रेष्ठ कोण तें ठरावें, ही जगभर मान्य झालेली पद्धत. पण या नव्या व्यवस्थेनें जुन्या चषकांचें कामच काढून घेतलें. श्रेष्ठ संघ आतां लीग ठरवूं लागली. खेळाडू पगारी झाले, त्यांच्या पायांची किंमत वाढली, आणि एका चषकासाठीं तीन आठवडे परगांवीं राहणें संघचालकांना परवडेनासें झालें. वर्षाचे दिवस तेवढेच. त्यांत लीगनें आपले महिने घेतले आणि उरल्यासुरल्या फटींतून जुन्या स्पर्धांनीं अंग चोरून बसावें अशी पाळी आली.

मुंबईंत दुसरेंही एक कारण हळूहळू घडत होतें. जानेवारी १९८२ मध्यें गिरणीकामगारांचा प्रदीर्घ संप सुरू झाला आणि त्यानंतर गिरण्यांची मुंबई पूर्वीसारखी राहिली नाहीं. ज्या गिरण्या आणि कचेऱ्या खेळाडूंना पोशीत होत्या त्यांचा आश्रय आटत गेला. आणि ज्या चाळींतून कूपरेजचा प्रेक्षक येत असे त्या चाळींच्या जागीं कांहीं वर्षांनीं मनोरे उभे राहिले. १९८३ सालीं क्रिकेटचा विश्वचषक हिंदुस्थानाकडे आल्यावर मुलांचीं स्वप्नें त्या दिशेस वळलीं. दूरचित्रवाणीनें युरोपांतील उत्कृष्ट फुटबॉल घरांत आणून ठेवला, आणि तो पाहण्यास सोकावलेल्या डोळ्यांना कूपरेजवरचा चिखल कंटाळवाणा वाटूं लागला. यांपैकीं एकही कारण एकट्यानें प्राणघातक नव्हतें. पण आजाऱ्याच्या उशाशीं बसणारें कोणी नसलें कीं साधा तापही पुरतो.

२०००-०१ च्या हंगामांत मोहन बागाननें गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सला हरवून चषक आपला चौदावा म्हणून नेला. तो अखेरचा. त्या संध्याकाळीं हा शेवटचा सामना आहे असें कोणीं सांगितलें नाहीं, कारण तसें कोणीं ठरविलेंच नव्हतें.

याच मुंबईंतील दुसऱ्या एका स्पर्धेचा अंत याच्याशीं ताडून पाहावा. हिंदु, पारशी, मुसलमान, युरोपियन आणि इतर अशा जातवार संघांचे पंचरंगी क्रिकेटसामने एके काळीं सबंध शहराला वेड लावीत. त्यांवर देशांत मोठा वाद माजला. १९४० सालीं महात्मा गांधींनीं त्यांविरुद्ध मत दिलें. आणि १९४६ नंतर ते सामने बंद झाले. ते बंद होण्यामागें एक तत्त्व होतें, एक चर्चा होती. ज्यांना दुःख झालें त्यांनाही तें कशासाठीं हें ठाऊक होतें. रोव्हर्स चषकाला एवढेंही भाग्य लाभलें नाहीं. त्याच्या मरणावर वाद झाला नाहीं, कारण मरण जाहीरच झालें नाहीं.

तिघां भावंडांपैकीं उरलेल्या दोघांची स्थिति काय झाली, हेंही उद्बोधक आहे. कलकत्त्याची ढाल मधून मधून खंड पडत कां होईना, पण शतकाच्या पलीकडे खेळली गेली, कारण तिच्यामागें ढालीवर जीव टाकणारें शहर होतें. ड्यूरँड चषकालाही वाईट दिवस आले. २०१६ नंतर तो कांहीं वर्षें भरला नाहीं. परंतु त्याला सेनादलांचा आधार होता. २०१९ सालीं तो दिल्लीहून कलकत्त्यास नेण्यांत आला, तेथील सरकारनें हात दिला, आणि तो पुन्हां गजबजला. लीग आली म्हणून चषक मेलाच पाहिजे असा नियम नाहीं, हें यावरून सिद्ध होतें. एकाला शहरानें राखलें, एकाला सैन्यानें राखलें. तिसऱ्याला राखणारें कोणी निघालें नाहीं.

मुंबईंतला फुटबॉल मेला म्हणून चषक मेला, असेंही म्हणतां येत नाहीं. २०१४ सालीं मुंबई सिटी हा नवा संघ निघाला आणि त्यानें २०२०-२१ व २०२३-२४ या हंगामांत इंडियन सुपर लीगचें विजेतेपद मिळविलें. २०१७ सालीं सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाचे सामने नव्या मुंबईंत झाले. कूपरेजला कृत्रिम हिरवळ लाभली. मैदान आहे, खेळाडू आहेत, प्रेक्षक आहेत. एवढेंच काय, आज मुंबईला स्वतःचा म्हणावा असा एक जेता संघही आहे, जो रोव्हर्स चषकाच्या शंभर वर्षांत तिला क्वचितच मिळाला. नाहीं तो फक्त चषकाचा नेम.

चषक हा मुळांत धातूचा नसतोच. धातूचें भांडें कपाटांत ठेवलें तरी शाबूत राहतें. चषक म्हणजे दर वर्षीं ठरलेल्या दिवसांत, ठरलेल्या मैदानावर, आपला मागचा हिशेब पुरा करावयास कोणी तरी येईल ही खात्री. मोहन बागान १९२३ सालीं हरला आणि १९५५ सालीं जिंकला; मधलीं बत्तीस वर्षें तो चषक तेथें वाट पाहात उभा होता म्हणूनच त्या विजयाला अर्थ आला. ती वाट पाहणारी जागा गेली कीं पुढच्या हरणाऱ्याला भरपाई करावयास ठिकाण उरत नाहीं.

वाशीमचा जिल्हा मोडला तेव्हां दप्तर हललें, पण तेथील माणसें, बाजार, बालाजीचें मंदिर आणि पांदणीचे रस्ते जागच्या जागींच राहिले. म्हणून नव्वद वर्षांनीं नुसता हुकूम निघतांच जिल्हा उभा राहूं शकला. रोव्हर्स चषकही उद्यां पुन्हां भरवावा असें कोणाच्या मनांत आल्यास तसें करणें अशक्य नाहीं. मात्र त्याला कागदावरचा ठराव पुरणार नाहीं. कूपरेजवर कोणत्या पलटणीला कोणीं प्रथम हरविलें, हैदराबादच्या पोलिसांनीं पांच वर्षें काय करून दाखविलें आणि डरहॅमच्या सोजिरांकडून हरलेले गडी कोणत्या निश्चयानें आगगाडींत बसले, हें घराघरांतून मुलांना सांगणारीं माणसें आधीं शिल्लक असावीं लागतील.